आवेला नावं ठेवू नका

सकाळी साडेआठला माझ्या लॅबच्या खिडकीशी रांग लागते. रक्त द्यायला आलेले ताठ उभे असतात, मोबाइल बघत. प्लॅस्टिकची छोटी डबी कागदात, कागद पिशवीत आणि पिशवी पदराआड अशी घेऊन आलेली माणसं मात्र कोणाच्या नजरेला नजर देत नाहीत. संध्याकाळी रिपोर्ट हातात पडला की हीच माणसं खिडकीशी थबकतात. बोट एकाच ओळीवर असतं, ‘म्युकस : प्रेझेंट’. आणि प्रश्नही ठरलेला असतो, “बाई, आव आलीय ना?”

आमच्याकडे आव हा आजाराचाच शब्द आहे. आव पडते, मुरडा होतो, पोटात कळा येतात, तेव्हाच तिचं नाव निघतं. एरवी ती कुठे असते आणि काय करते, कोणी विचारत नाही. मी गेली २६ वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. मी डॉक्टर नाही, औषध देत नाही. पण खिडकीतून आठवड्यात दहादा जे सांगावं लागतं, ते एकदा नीट लिहून काढावं म्हणते. ही आव तुमच्या पोटात जन्मापासून आहे. ती रोज ताजी तयार होते. ती नसती तर आतड्यातल्या जंतूंनी आतली भिंत केव्हाच पोखरली असती. रिपोर्टात पू-पेशी नाहीत, तांबड्या पेशी नाहीत, अमीबा नाही आणि नुसती थोडी आव आहे, तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. तिची काळजी करू नका, तिची काळजी घ्या.

ती कशी घ्यायची हे कळायला आत काय चाललंय ते थोडं बघावं लागेल.

आतड्याचं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. एकाच. त्याच्या अलीकडे तुमचं रक्त आणि पलीकडे जेवणाचा काला, त्यात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू. सगळ्यांचं मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यांतले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात. एवढ्या गर्दीपुढे एका पेशीची भिंत म्हणजे जत्रेत कनातीचा आडोसा. तरी ती टिकते, कारण दोघांच्या मध्ये आव आहे. अस्तरात पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांच्यात म्युसिन नावाचं प्रथिन घट्ट घडी घालून भरलेलं असतं. बाहेर पडलं की ते पाणी शोषून कित्येक पट फुगतं. सब्जाचं बी पेल्यात फुगताना पाहिलं असेल, तसंच. आकार म्हणाल तर बाटली धुवायच्या ब्रशासारखा. मधे प्रथिनाची तार आणि चहूबाजूंनी साखरेच्या साखळ्यांचे केस. त्याच्या वजनाचा जवळपास ८० टक्के भाग या साखरांचाच. चहातली साखर नव्हे ही, तिच्या नात्यातल्या वेगवेगळ्या साखरा. पुढचं सगळं नाट्य यांच्यावरच घडतं, म्हणून त्या लक्षात ठेवा.

मोठ्या आतड्यात या आवेचे दोन थर असतात, हे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या मंडळींनी २००८ साली उंदरांच्या आतड्यात स्पष्ट दाखवलं. आतला थर दाट, अस्तराला घट्ट बसलेला आणि जिवाणूंपासून जवळजवळ मोकळा. बाहेरचा सैल, आणि जिवाणू राहतात ते या सैल थरात. माणसातही रचना तीच, आतला थर मिलिमीटरच्या काही दशांश जाडीचा. इतकी वर्षं हे नीट दिसलं का नाही, याचं कारण आम्हा लॅबवाल्यांनाच चटका लावणारं आहे. तुकडा टिकवायला आम्ही ज्या पाण्यातल्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवतो, त्यात हा थर आक्रसून जातो. जे पाहायचं तेच आम्ही पाहण्याआधी घालवून बसत होतो. त्यांनी वेगळं रसायन वापरलं आणि थर जागच्या जागी दिसला. उंदरांतलाच आणखी एक प्रयोग सांगते. म्युसिनचा मुख्य जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे जिवाणू थेट अस्तराला जाऊन भिडतात, त्यांचं आतडं सुजतं, आणि पुढे त्यांना आतड्याचा कर्करोगही होतो.

आता चिकटण्याकडे वळते. पोटात जंतू गेला म्हणजे आजार झाला, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. आतडं म्हणजे वाहता ओढा. वरून पाणी येतं, भिंत सतत आवळते आणि सैल होते, आणि जो काही धरून बसला नाही तो दोन-चार तासांत लहान आतड्यातून पुढे ढकलला जातो. शेतातून आल्यावर पायजम्याला आघाड्याचे दाणे चिकटलेले दिसतात ना? रस्त्यात हजार बिया असतात, पण घरापर्यंत येते ती आकडा असलेली. जंतूंचंही तसंच आहे. त्यांच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि तंतूंच्या टोकाला साखर ओळखणारी प्रथिनं. प्रत्येकाची आवड ठरलेली. कोणी एक साखर धरतो, कोणी दुसरी. आवेच्या ब्रशाला नेमक्या साखरांचेच केस असतात, म्हणजे जंतूला पकडायला जागा मिळते. पण हीच जागा आपल्या बाजूनेही काम करते. जंतू आवेला धरून बसला की खालच्या पेशीपर्यंत पोचत नाही, आणि आव पुढे सरकली की तिच्यासकट बाहेर जातो. शरीर रोज काही ग्रॅम प्रतिपिंडंही या आवेत सोडतं. ती जंतूंना एकमेकांत गुंतवतात आणि त्यांची मोळी बांधून टाकतात.

ई-कोलाय हा आपला जुना भाडेकरू. त्याचं एक वैशिष्ट्य मला फार आवडतं. त्याच्या तंतूच्या टोकाचं प्रथिन मॅनोज नावाची साखर धरतं. प्रवाह संथ असेल तर पकड सैल असते, तो घरंगळत पुढे जातो. प्रवाह जोरात आला की सुटायच्या ऐवजी पकड आणखी घट्ट होते. दोरीचा फास जितका ओढावा तितका आवळतो, तसं. अमेरिकेत सिॲटलच्या संशोधकांनी २००२ साली हे मोजून दाखवलं. नुसत्या पाण्याच्या माऱ्याने सगळे जंतू धुऊन निघतील, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्यांच्याविषयी पुढे बोलणारच आहे.

पण चिकटण्याची खरी कहाणी पटकीची. कॉलरा हा शब्द नंतर आला. आमच्या आजीच्या तोंडी पटकीच होती, आणि तिच्या नावाने जरीमरीच्या देवळात नारळ फुटत. पंढरपूरच्या यात्रेतून पटकी गावोगाव पसरल्याच्या नोंदी इंग्रजी अमलाच्या कागदपत्रांत आहेत. हा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा आणि मागे एक शेपूट. त्या शेपटीने तो आवेतून पोहतो, वाटेतली आव विरघळवणारं विकर सोडतो आणि लहान आतड्याच्या भिंतीला बिलगतो. पेशीत मात्र कधी शिरत नाही. बाहेर बिलगूनच विष सोडतो आणि पेशी पाणी ओतू लागतात. जंतू गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी भरतं, हे १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केलं. पटकीच्या रोग्याचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे दिसतात. त्यात तरंगणारे पांढरे कण कसले, माहीत आहे? आवेचे. आणि काम झालं की हा जंतू तेच विकर कात्रीसारखं वापरून स्वतःचीच पकड सोडवतो, म्हणजे पाण्याबरोबर बाहेर पडून पुढच्या माणसाकडे जाता येतं. चिकटायचं कधी आणि सोडायचं कधी, दोन्ही त्याला कळतं.

आता यातलं आपल्या उपयोगाचं. पटकीचा जंतू खाडीच्या, तळ्याच्या पाण्यात एरवी कशाला धरून राहतो? डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा कवचधारी किड्यांना. त्यांच्या कवचात कायटिन असतं, आणि कायटिन ज्या साखरेचं बनतं ती साखर आवेच्या ब्रशातही आहे. कवच धरणारं एक प्रथिन आतडंही धरतं, हे २००५ साली दाखवलं गेलं. म्हणजे तळ्यात जो हात किड्याला धरतो, तोच तुमच्या पोटात तुम्हाला धरतो.

जंतू कापडातून सहज पार होतो, पण किडा होत नाही. आणि जंतू किड्याला चिकटलेला असेल तर? बांगलादेशात मतलब या भागात रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ गावांत बायकांना एवढंच शिकवलं की जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी कळशीच्या तोंडावर बांधा आणि पाणी त्यातून गाळा. २००३ साली निकाल छापून आला. गाळणाऱ्या घरांत पटकी ४८ टक्क्यांनी कमी. जुनीच साडी घ्यायची, कारण धुऊन धुऊन तिचे धागे पिंजारतात आणि भोकं बारीक होतात. आपल्याकडे हंड्यावर लुगड्याचा तुकडा टाकायची पद्धत होतीच. हल्ली नळाच्या तोंडाला दोन महिन्यांत काळवंडलेली जाळी असते. तिच्याहून आजीचं चौपदरी लुगडं बरं, फक्त ते रोज धुऊन उन्हात वाळवा.

पण नुसत्या साडीवर विसंबू नका. मतलबमध्ये ४८ टक्के वाचले म्हणजे बाकीचे वाचले नाहीत. पावसाळा सुरू झाला, गावात गॅस्ट्रोची साथ असल्याचं कानावर आलं, की ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, “विहिरीत टीसीएल कधी टाकलं? ओटी घेतली का?” टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर, आणि ओटी म्हणजे ते क्लोरीन तपासायचं दोन मिनिटांचं काम. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन पोचलं. तो रंग टाकीपाशी बघून उपयोग नाही, शेवटच्या घराच्या नळावर यायला हवा. विचारायला लाजू नका. माझ्याकडे जुलैत डब्या घेऊन येणारे सगळे एकाच वस्तीतले असतात तेव्हा मला रिपोर्ट टाइप करायच्या आधीच कळलेलं असतं की तिथली पाइप गटारातून गेलीय.

आता अँटिबायोटिकबद्दल, आणि इथे मी थोडी रागावूनच बोलणार आहे.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण लोक. आतड्यात तेच चालतं. आवेच्या बाहेरच्या थरात तुमचे नेहमीचे जिवाणू रुमाल टाकून बसलेले असतात. साखरेच्या जागा त्यांनी धरलेल्या, खाणं त्यांनी संपवलेलं, बाहेरून आलेला जंतू उभ्यानेच पुढच्या स्टॉपला उतरतो. ही जागा किती मोलाची आहे, ते शिकागो विद्यापीठात १९५० आणि ६०च्या दशकांत मोजलं गेलं. धडधाकट उंदराला तोंडावाटे साल्मोनेलाची लागण करायला सुमारे एक लाख जंतू लागत. त्याच उंदराला स्ट्रेप्टोमायसिनचा एक डोस दिला की दहापेक्षा कमी जंतू पुरत. अख्खी गाडी रिकामी झालेली, पहिला येईल त्याला खिडकीची सीट.

म्हणून दोन जुलाब झाले की मेडिकलमध्ये जाऊन “पोट बांधायची गोळी द्या” म्हणणं थांबवा. मेडिकलवाला दोन औषधांची जोडगोळी देतो, जुलाब दोन दिवसांत थांबतात, आणि श्रेय गोळीला मिळतं. ते जुलाब बहुतेकदा तसेही दोन-तीन दिवसांत थांबणारच होते. पाण्यासारख्या साध्या जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागत नाही. लागतं ते रक्त पडत असेल तेव्हा, किंवा डॉक्टरांना पटकीसारखं काही दिसलं तर. साध्या जुलाबाला हवं पाणी आणि मीठ-साखर. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मापं डोळ्याने नको, चमच्याने. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते घातक ठरतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात असंच पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं, आणि पटकीचे ३० टक्क्यांच्या आसपास जाणारे मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले. जंतू चिकटलेलाच होता, विषही सुटतच होतं. पण गळतीइतकं पाणी भरत राहिलं की माणूस जगतो, आणि दोन-चार दिवसांत आव आणि अस्तर नवं येतं. मूल असेल तर डॉक्टरांना विचारून झिंकच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्या. जुलाब थांबले म्हणून मधेच सोडू नका.

ॲसिडिटीच्या गोळीचाही इथे एक शब्द. सकाळी दात घासायच्या आधी ती कॅप्सूल घेणारे आमच्या गावात गल्लीगणिक चार निघतील. कोणी सांगितली, कधी बंद करायची, आठवत नाही. पोटातलं आम्ल ही आवेच्याही आधीची चौकी आहे, तिथे बहुतेक जंतू मरतात. चौकी कायमची उठवलीत तर आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढतो. काहींना ती गोळी खरंच लागते. त्यांनी मनाने बंद करू नये. पण तुम्ही त्यांतले आहात का, हे पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा तरी.

जेवणाचं सांगायचं तर भाकरीपासून सुरुवात करावी लागेल. आपल्या आवेतल्या भाडेकरूंचं पोट आपण न पचवलेल्या कोंड्यावर भरतं. भाजीच्या शिरा, डाळीची सालं, भाकरीतला चोथा आपल्याला पचत नाही, पण त्यांना पचतो. तो आंबवून ते एक आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. कोंडा मिळाला नाही तर काय होतं? ते तुमच्या आवेचे साखरेचे केस खायला लागतात. २०१६ साली मिशिगन आणि लक्झेंबर्गच्या संशोधकांनी जंतुरहित वाढवलेल्या उंदरांत माणसाच्या आतड्यातल्या १४ जाती सोडल्या आणि काहींना कोंड्याविना चारा दिला. त्यांची आव पातळ झाली, आणि एरवी जो जंतू त्यांना थोडं आजारी पाडून जातो, तो त्यांच्या जिवावर उठला. उंदरांचा प्रयोग आहे, माणसाला जसाच्या तसा लावू नये. पण भाडेकरूला उपाशी ठेवलं की तो घराच्या वाशांनाच हात घालतो, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

आव खाणारा प्रत्येकजण वाईटच, असंही नाही. अक्करमॅन्सिया नावाचा एक जिवाणू आवेवरच जगतो. तो २००४ साली नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला वेगळा केला गेला, आणि अँटून अकरमान्स या तिथल्या संशोधकाचं नाव त्याला मिळालं. निरोगी माणसांत तो सर्रास सापडतो. जुनी आव खाऊन नवी करायला भाग पाडणारा म्हणून तो उपयोगीच मानला जातो. प्रमाणाचा प्रश्न आहे. खाणारे जास्त आणि कोंडा कमी, तिथे बिघडतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली छापलेल्या तक्त्यांत ज्वारी, बाजरी आणि नाचणीत १०० ग्रॅममागे दहा ते साडेअकरा ग्रॅम चोथा आहे. सडलेल्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनच्याही खाली. सोलापुरात राहून, ज्वारीच्या कोठारात बसून, सकाळी पाव-खारी, दुपारी भात आणि संध्याकाळी मैद्याचे नूडल्स खाणाऱ्या मुलांच्या आया मला विचारतात, “याचं पोट का साफ होत नाही?” काय उत्तर देऊ? भाकरी द्या. हुलगे, मटकी, सालासकट मूग, गवार, शेवग्याच्या शेंगा, मेथी, पेरू. महाग काहीच नाही. फक्त एकदम नको. ज्याने वर्षभर चोथा पाहिला नाही त्याने पहिल्याच दिवशी वाटीभर मटकी खाल्ली तर पोट नगाऱ्यासारखं होईल आणि तो मला शिव्या देईल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या. ज्यांना आतड्याचा जुना आजार आहे त्यांनी आधी विचारून.

आइस्क्रीमसारख्या फ्रोझन डेझर्टच्या, केकच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत ४६६ आणि ४३३ असे आकडे दिसतात. पदार्थ फुटू नये म्हणून घातलेल्या रसायनांचे हे आकडे. त्यांच्यामुळे उंदरांत जिवाणू आवेच्या आतल्या थरात घुसतात, हे २०१५ साली दिसलं. पुढे ४६६ घेऊन माणसांवर एक छोटासा प्रयोग झाला, त्यात काहींमध्येच तसं दिसलं. घाबरायची वेळ नाही, पण रोजच्या रोज खायचीही गरज नाही.

बाळंतिणीच्या घरी जाताना मला हटकून एक गोष्ट बोलावीशी वाटते, आणि तिथे मी आगाऊ ठरते. पहिलं पिवळसर घट्ट दूध, चीक, अजूनही काही घरांत पिळून टाकतात. “बाळाला पचायचं नाही,” म्हणतात. गायीच्या चिकाचा खरवस वाटायला मात्र शेजारीपाजारी वाटी फिरते! आईच्या दुधात लॅक्टोज आणि चरबी यांच्यानंतर सर्वांत जास्त असतात त्या सुमारे २०० प्रकारच्या लहान लहान साखरसाखळ्या, आणि चिकात त्या सर्वाधिक. बाळाला त्या पचत नाहीत हे खरंच आहे. त्या बाळासाठी नसतातच. एक तर त्या बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं अन्न. आणि दुसरं, त्या आतड्यातल्या साखरांसारख्या दिसतात. जंतू येतो, आकडा पुढे करतो, तरंगती साखर पकडतो आणि हातात ती घेऊन लंगोटात जातो. भिंतीपर्यंत पोचतच नाही. मेक्सिकोत अंगावर पिणाऱ्या बाळांच्या पाहणीत, ज्या आयांच्या दुधात अशी एक विशिष्ट साखर जास्त होती त्यांच्या बाळांना कॅम्पिलोबॅक्टर या जंतूचे जुलाब कमी झाले. या आमिषांच्या जोडीला चिकात प्रतिपिंडंही भरपूर असतात. तेव्हा जन्मल्यापासून तासाभरात बाळ अंगावर घ्या. मध चाटवू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमचा धोका असतो. सहाणेवर उगाळलेली गुटीसुद्धा सहा महिने बाजूला राहू द्या. सहाण कुठल्या पाण्याने धुतली, ते आधी सांगा.

अशाच आमिषाचं काम भेंडीचा चिकटा करतो का, हे जर्मनीत तपासलं गेलंय. जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टरला भेंडीच्या ताज्या अर्काने जठराच्या तुकड्याला चिकटू दिलं नाही, असं २००४ साली प्रसिद्ध झालं. ते काचेवरचं काम. भाजी परतल्यावर त्यातलं किती उरतं, असा प्रश्न पडला म्हणून कच्ची भेंडी चावत बसू नका. पण भेंडी बुळबुळीत झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या सासूबाईंना ऐकवायला हे हाताशी असू द्या.

दह्याचं काय, असं कोणी विचारणारच. दही खा, ताक प्या. पण विरजणातले बहुतेक जिवाणू पाहुणे असतात, चार दिवस राहून जातात, म्हणून रोजची वाटी. काही जातींना खरंच आकडा असतो. १९८३ साली अमेरिकेत गोरबाक आणि गोल्डिन यांनी वेगळ्या केलेल्या लॅक्टोबॅसिलसच्या एका वाणाच्या तंतूंना आवेला धरणारं प्रथिन आहे, हे फिनलंडच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं. तरी बाटलीतले जिवाणू प्रत्येकात बसतीलच असं नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत २०१८ साली दुर्बिणीने आतून नमुने घेतले, तेव्हा काहींच्या आतड्यात ते बसलेले आढळले आणि काहींच्या आतड्यांनी त्यांना थारा दिला नाही. अँटिबायोटिकनंतर ते घेतलेल्यांमध्ये मूळचे भाडेकरू परतायला उलट उशीर लागला. डॉक्टरांनी नेमक्या आजारासाठी दिले तर घ्या. जाहिरात बघून पाचशे रुपये घालवण्यापेक्षा त्यात दोन महिन्यांची ज्वारी येईल.

आणि आता ते पोट धुणारे. गेल्या पाच-सात वर्षांत हे फार वाढलंय. मोबाइलवर एखादा इसम दाखवतो की त्याने अमुक चूर्ण आणि माती खाऊन पोट ‘डिटॉक्स’ केलं आणि हातभर लांब, रबरासारखी काळी दोरी बाहेर पडली. म्हणे वर्षानुवर्षं आतड्याला चिकटलेला मळ. माझ्याकडे एकजण तसली दोरी डबीत घालून घेऊन आला होता, तपासायला. त्यात इसबगोल होतं, माती होती आणि त्याची स्वतःची आव होती. दोरी त्याने स्वतःच खाऊन तयार केली होती. आतड्याला असा मळ चिकटून राहत नाही. अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत बदलतात, वरची आव त्याहून कितीतरी लवकर. चिकटून बसायला भिंत जागेवर राहायला हवी ना! ज्याला तो मळ म्हणत होता तो त्याचा पहारेकरी होता, आणि तो त्याला पैसे देऊन हाकलत होता.

एरंडेलाचा जुलाबही त्यातलाच. माझ्या लहानपणी महिन्यातून एकदा रविवारी नाक दाबून तो पाजला जाई, ‘कोठा धुवायला’. कोठा धुतला जाई हे खरं, पण त्यात आव आणि भाडेकरू दोघंही वाहून जात. दुर्बिणीच्या तपासणीआधी डॉक्टर पोट साफ करायला लावतात ते तपासणीपुरतं असतं. तुम्ही दर पंधरवड्याला हौसेने करू नका. आतड्याची सफाई आपोआपच होत असते. रिकाम्या पोटी दर दीड-दोन तासांनी आतड्यातून आकुंचनाची एक लाट वरून खाली जाते आणि उरलंसुरलं झाडून नेते. पोटात गुरगुरतं ते बहुधा तिचंच. आपण दर तासाला चिवडा तोंडात टाकतो तेव्हा ही झाडू मारणारी बाई दारातूनच परत जाते.

आता हे सगळं वाचून कोणी रिपोर्ट घेऊन घरी स्वस्थ बसू नये, म्हणून आव कधी गंभीर धरायची ते सांगते. आवेबरोबर रक्त पडतंय. ताप आहे. दिवसातून आठ-दहा वेळा कुंथून थोडी थोडी आवच पडतेय, म्हणजे मुरडा. त्यात शिगेला असू शकतो आणि त्याला चिकटायला लाख नको, शंभरच्या आत जंतू पुरतात, म्हणून घरातल्या एकाला झालं तर बाकीच्यांनी हात साबणाने धुवा आणि त्याचा टॉवेल वेगळा ठेवा. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन खाली आलंय, तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून वर्ष घालवू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. महिनाभर आव थांबत नाही, रात्री झोपेतून उठून जावं लागतंय, हेही दाखवा.

लहान मूल असेल आणि जुलाबाने त्याचे डोळे आत गेले असतील, रडताना पाणी येत नसेल, लघवी सहा तास झाली नसेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसत असेल, तर माझ्याकडे डबी घेऊन येऊ नका. रिपोर्टला संध्याकाळ होते. रिक्षा बोलवा, वाटेत चमच्याचमच्याने ओआरएस पाजत रहा आणि सरळ दवाखाना गाठा.